तण कुणाचं, खुरपं कुणाचं?

(राहाता येथे शेतकरी व शेतमजूर बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला आहे तो 'शेतातल्या रानभाज्या व औषधी वनस्पती : पारंपरिक ज्ञान' असा. पत्रिकेवर तो छापलेला पाहिला तेव्हा जरा अवघडल्यासारखं झालं. समोर बसलेल्या तुमच्यातल्या निम्म्याजणी यावर माझ्यापेक्षा जास्त बोलू शकतील. फक्त त्याला पारंपरिक ज्ञान म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्या म्हणतात, 'येताना भाजी खुडून आणली.' तेव्हा पाल्याची ओळख मी तुम्हाला करून देणार नाही. मी बोलणार आहे खुरप्याबद्दल. हा पाला ओळखणारी बाई शेतात कशासाठी जात होती, तिला त्याचे काय मिळत होते आणि आता ती तिथून का हटली, हे बोलल्याशिवाय नुसती भाज्यांची नावं घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

आपला भाग पाटपाण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दारणेचं पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या कालव्यांनी इकडे आलं. पलीकडच्या अंगाला प्रवरेचे कालवे. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग ऊसच ऊस. पुढे पेरूच्या बागा, कांदा, मका, सोयाबीन. या सगळ्याचा इतिहास लिहिलेला आहे, पुढाऱ्यांचे पुतळे आहेत. पण एक गोष्ट त्या इतिहासात सापडत नाही. पाणी आलं तसं तणही आलं. जिरायत बाजरीला एखादी खुरपणी पुरायची. बागायतात दोन, तीन, कधी चार. पाटाच्या चाऱ्या जिथवर पोचल्या तिथवर बायकांच्या रांगा उकिडव्या बसून पुढे सरकू लागल्या. म्हणजे खुरपणी हे बायकांचं काम अनादी काळापासून इतकंच होतं, असं समजू नका. त्यातलं निदान अर्धं काम पाटाने निर्माण केलं. बागायतदाराचं उत्पन्न वाढलं ते बाईच्या गुडघ्यांवर.

आणि या कामाला म्हणायचं काय, तर 'हलकं काम'. १९७६ साली समान वेतनाचा कायदा आला. सारख्या कामाला बाई-पुरुष सारखा रोज, असं तो सांगत होता. गावाने त्याच्यावर साधी तोड काढली. खुरपणी बायकांची, नांगरट-फवारणी पुरुषांची. कामच सारखं नाही म्हटल्यावर रोज सारखा मागायचा कुठून?

आता या हलक्या कामात काय काय होतं ते बघा. शेतीच्या पुस्तिकेत पिकाशिवाय उगवलेलं सगळंच तण असतं. खुरपणाऱ्या बाईच्या तोंडी 'तण' हा शब्द मी फार कमी ऐकला. ती म्हणते गवत, नाहीतर सरळ नाव घेते. हराळी आणि लव्हाळा ती वाफ्यात टाकत नाही, उन्हात वाळायला बांधावर फेकते, कारण हराळीचं कांडं आणि लव्हाळ्याची गाठ ओल्या मातीत पुन्हा धरते हे तिला ठाऊक असतं. केना, पाथरी शेळीच्या भाऱ्यात. तांदूळजा, कुंजीर, घोळ, चिवळ ओटीत. गव्हात चाकवत असला तर तो ओंबी यायच्या आधी, कोवळा असतानाच. टाकळा पहिल्या पावसानंतरच्या पंधरवड्यातला, पुढे तो उग्र होतो. काटेमाठाचे काटे फुटायच्या आत त्याचे शेंडे घ्यायचे. कामोनीची हिरवी फळं पोराच्या हाती लागू द्यायची नाहीत, ती बाधतात. रुईचा चीक हाताला लागला तर हात धुवेपर्यंत डोळ्याला लावायचा नाही. हे सगळं ठरवताना हात थांबत नाही आणि शेजारणीशी बोलणंही थांबत नाही. एका ओळीत चाळीस तऱ्हेच्या रोपट्यांचा निवाडा करत बाई पुढे जाते, आणि रोजाच्या हिशेबात ती 'अकुशल' मजूर.

घरी गेल्यावर घोळ हरभऱ्याच्या डाळीत, चाकवत ताकात, चिवळ मुगाच्या डाळीत, तांदूळजा नुसता लसणाच्या फोडणीवर. पावसाळ्यात बाजारात भाजी महाग असते तेव्हा ही फुकटची भाजी शेतमजुराच्या घरात असायची. रोज कमी पडायचा, त्यातला काही भाग ही ओटी भरून काढायची. जुन्या बाया सांगतात की १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडीच्या जोडीला सराट्याचा कोवळा पालासुद्धा शिजवला. ती आठवण सांगताना त्यांना कौतुक वाटत नाही, शरम वाटते, हे मी मुद्दाम नोंदवते. शहरात आता रानभाज्यांचे महोत्सव भरतात, कृषी खातंही ऑगस्टमध्ये भरवतं. ताटल्या सजवतात, फोटो निघतात. भरवू देत. पण ज्या घरात हा पाला नाइलाज म्हणून शिजला, तिथल्या सुनेला तो आपणहून सांगावासा वाटत नाही. त्यात जातीचाही भाग आहे. आपल्याकडे ज्या घरांनी बागायत वाढल्यावर बायकांना रानात पाठवणं बंद केलं, ती घरं याला 'मजुरांचं खाणं' म्हणू लागली. आणि डोंगरातल्या अकोल्याकडे बोट दाखवून म्हणायचं, रानभाज्या तिकडच्या आदिवासींच्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं राखलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या जिल्ह्याला आनंद झाला. पण आपल्या सोयाबीनच्या ओळीत वाकलेल्या भिल्ल वस्तीवरच्या बाईला आपण काय विचारलं?

पारंपरिक या शब्दाबद्दलही थोडं बोलते. विळा लागला की आपण एकदांडीचा पाला चोळून जखमेवर पिळतो. रक्त थांबतं. हा आजीबाईचा बटवा म्हणून सांगितला जातो. पण एकदांडी मूळची आपली नाही, मध्य अमेरिकेकडची आहे. ती कधीतरी बाहेरून आली, बांधावर रुजली, कुणीतरी ती जखमेला लावून पाहिली, गुण आला, शेजारणीला सांगितलं. नाव नाही, पेटंट नाही. त्याच खंडातून आलेलं दुसरं झाड म्हणजे गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्याकडे ते पहिल्यांदा नजरेत आलं, पुढे परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणून त्याला काँग्रेस गवत नाव पडलं. ते बायकांनी हाताळून पाहिलं, अंगाला खाज सुटली, शेळी तोंड लावेना, आणि निकाल लागला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी नुसतं जुनं जपलं असं नाही. नवं आलं ते पारखलं, एक ठेवलं, एक टाकलं. हे पारखणं चालू राहायला बाईचा हात रोज मातीत लागतो. ते पुस्तकात घालून ठेवता येत नाही.

आता तणनाशकाकडे येते. आपल्याकडे त्याला 'औषध' म्हणतात. 'औषध मारलं' म्हणतात. जे झाड औषध आहे ते तण, आणि त्याला मारणारं ते औषध, अशी आपली भाषा झाली आहे.

टू फोर डी नावाचं तणनाशक गहू, मका, उसात वापरतात. ते रुंद पानाच्या वनस्पती मारतं आणि गवताच्या जातीची सोडतं. गहू, मका, ऊस गवताच्या जातीचे, म्हणून ते वाचतात. रुंद पानाचं म्हणजे काय? चाकवत, तांदूळजा, कुंजीर, घोळ, पाथरी, माठ. म्हणजे नेमकी ओटीतली भाजी. आणि जिच्यासाठी शेतकरी खरा रडतो ती हराळी तशीच राहते, लव्हाळाही खालच्या गाठीतून पुन्हा वर येतो. मग तिच्यासाठी ग्लायफोसेट. ते हिरवं दिसेल ते जाळतं, म्हणून उभ्या पिकात नाही तर पेरूच्या झाडांखाली, पाटाच्या कडेला आणि बांधावर मारतात. सोयाबीनला वेगळं, कांद्याला वेगळं. शेत गेलं तरी बांध होता, तोही गेला. बांध कुणाच्याच हिशेबात नव्हता. भूमिहीन बाईची शेळी तिथे चरत होती एवढंच.

मी तणनाशकावर सरसकट बंदी मागायला उभी नाही, हे आधीच सांगते. दिवसभर उकिडवं बसून खुरपणं काय असतं ते सभेत बसून रानभाज्यांचं गुणगान करणाऱ्यांना कळत नाही. कंबर, गुडघे, पाळीच्या दिवसांत ओल्या चिखलात बसणं, लघवीला जायला आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणं. गरोदरपणी सातव्या महिन्यापर्यंत खुरपलेल्या कितीतरीजणी इथे असतील. हे काम सुटलं म्हणून आनंद झालेल्या बाईला 'तुझं ज्ञान चाललं' असं सांगायचा मला हक्क नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की काम सुटलं तेव्हा हातात दुसरं काय आलं? एक एकर कांदा खुरपायला दहा-पंधरा बायांचा दिवस जायचा. एक माणूस पाठीवर पंप घेऊन तेच अर्ध्या दिवसात उरकतो. वाचलेल्या पैशातला काही भाग दुकानदाराकडे गेला, काही मालकाकडे राहिला. बाईकडे काय आलं, तर मोकळा दिवस, ज्याला रोज नाही. शिवाय त्या दिवशी भाजी विकत घ्यायची आणि शेळीचा चारा पण. आणि कष्टातूनही ती पुरती सुटली नाहीच. फवारणीचं पाणी शेतावर कोण वाहतं? फवारणाऱ्याचे कपडे हाताने कोण धुतं? २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की ते प्रशिक्षित कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच वापरावं. आपल्या बांधावर असा माणूस आलेला तुम्ही पाहिलात? मी नाही.

हे सगळं बदलताना कुठे तरी कुणी बाईला विचारलं होतं का, हा माझा मुद्दा आहे. २०१७ च्या जूनमध्ये आपल्याच तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. देशभर नाव झालं. कर्जमाफी, हमीभाव, दुधाचा दर, सगळ्या रास्त मागण्या. खुरपणाऱ्या बाईच्या रोजाचा उल्लेख माझ्या वाचनात तरी आला नाही. त्याच्या खूप आधी, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करायला सांगितलं, आणि १९९१ च्या सुमारास 'सीताशेती'ची कल्पना मांडली. बाईने आपल्या तुकड्यावर विकतची खतं-औषधं न घालता, आपल्या जाणतेपणावर शेती करावी, अशी. मला संघटनेची सगळी मतं पटत नव्हती, पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडण्यात मोठी समज होती. बाईचं ज्ञान आणि बाईचं नाव सातबाऱ्यावर, हे एका वाक्यात आलं. पुढे ते रेटलं गेलं नाही. ज्या घरात जमीन आहे त्या घरातल्या बाईलाही बांधावर औषध मारल्याचं संध्याकाळी गवत पिवळं पडल्यावर कळतं. भूमिहीन बाईची तर बातच सोडा.

आता थोडं अंगावरच्या दुखण्यांबद्दल. काटेमाठाचं मूळ तांदळाच्या धुवणात उगाळून अंगावरून जाण्यावर देतात, हे तुम्हाला माहीत आहे. बाळंतिणीला तांदूळज्याची भाजी देतात. हे ज्ञान का महत्त्वाचं, तर अंगावरून पांढरं जातं हे बाई घरात सांगू शकत नाही, शेतात ओळ धरून बसलेल्या शेजारणीला सांगते. खुरपणीची ओळ ही बोलायची जागा होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'शोधिनी' नावाने वेगवेगळ्या राज्यांतल्या कार्यकर्त्या एकत्र आल्या, बायकांकडचे झाडपाल्याचे उपाय गोळा केले, पडताळले, आपलं शरीर आपण तपासायला शिकवलं, आणि १९९७ मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्या कामातली मला भावलेली गोष्ट म्हणजे 'जुनं ते सोनं' हा सूर त्यांनी लावला नाही. कारण जुन्यात विषही आहे. पोट पाडायला रुईची काडी घालून, चित्रकाचं मूळ घालून किती बाया मेल्या, त्याची मोजदाद नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आला तो अशा मरणांवरचा उपाय म्हणून. तेव्हा काटेमाठाचं मूळ घ्या, पण पांढऱ्याला घाण वास असेल, रक्त असेल, ओटीपोटात दुखत असेल तर दवाखाना गाठा. आणि दवाखान्यात 'पिशवीच काढून टाका' म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेबलावर झोपू नका. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. त्या जिल्ह्यातल्या टोळ्यांच्या कोप्या दर हंगामात आपल्या कारखान्यांभोवती पडतात. त्या बाया आपल्या शेजारणी आहेत.

एक गंमत सांगते, म्हटलं तर गंमत. आघाडा आज गावातल्या मुलींना ओळखता येतो तो मंगळागौरीच्या पत्रीमुळे आणि ऋषिपंचमीमुळे. ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासायचे, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून बांधावरच्या, परसातल्या पाल्याची भाजी करायची. नांगराशिवाय उगवलेल्या अन्नाची आठवण ठेवणारा वर्षातला एकच दिवस. आणि ते व्रत कशासाठी? तर पाळीच्या दिवसांत विटाळ कालवला गेल्याचं पाप फिटावं म्हणून! भाजी राखली, आणि तिच्याबरोबर शरीराची लाजही राखली. माझं म्हणणं, भाजी करावी, सगळ्यांनी खावी, पाप सोडून द्यावं. आमच्या एका गटाने तशी केली. सासवा आधी कुरकुरल्या, मग पाला ओळखायला त्यांनाच बोलवावं लागलं तेव्हा खुलल्या.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. हळदीने जखम भरते याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, माशेलकर तिचे प्रमुख असताना, ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. चांगलं झालं. पण पुरावा म्हणून काय चाललं? छापलेलं, लिहिलेलं. जुने ग्रंथ, शोधनिबंध. पुढे सरकारने पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय साठा केला तोही आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांवरून. आपल्या ओळीत बसून सांगितलेलं कुठल्याच ग्रंथात नाही. त्यासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आला. प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची नोंदवही करायची होती. २००४ च्या नियमांत समितीवर नेमलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका असाव्यात असं लिहिलं होतं. वर्षानुवर्षं काही झालं नाही. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची भीती दाखवली, आणि नोंदवह्या भराभर भरल्या गेल्या. एका ग्रामपंचायतीत मी ती वही मागून पाहिली. वड, पिंपळ, कडुनिंब, तुळस. कुंजीर नाही, पाथरी नाही. माहिती देणाऱ्यांच्या नावांत एकही बाई नाही. समितीतल्या बाईला विचारलं तर तिला आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं.

म्हणून गेल्या दोन हंगामांत आम्ही काही साध्या गोष्टी करून पाहिल्या. पुणतांब्याच्या बाजूला एका वस्तीवरच्या बायकांनी उक्तं काम घेताना मालकाला अट घातली, की कडेच्या दोन सऱ्या आणि एक बांध फवारायचा नाही, तो आम्ही खुरपू, त्यातला पाला आमचा. एकाने मान्य केलं, त्याला त्यात तोटा दिसला नाही. दुसऱ्याने 'आता शेत तुमच्या नावावर करून देऊ का?' म्हणून हसून घालवलं. त्याच्याकडे त्या हंगामात बाया गेल्या नाहीत, पण बाहेरून टोळी आली आणि काम झालं, हेही खरं आहे. अट टिकायची तर शेजारच्या वस्तीशी आधी बोलायला हवं, हे त्यातून कळलं. दुसरं, फवारणी केव्हा, कशाची, हे आदल्या दिवशी वस्तीवर सांगायला लावणं. यात मालकाचा काही खर्च नाही. फवारलेल्या शेतातली भाजी कितीही टवटवीत दिसली तरी त्या हंगामात खुडू नका, शेळीलाही घालू नका. तिसरं, ग्रामसभेत जाऊन नोंदवही मागायची आणि तिच्यात आपली नावं घालून घ्यायची. ग्रामसेवक म्हणेल वही भरून झाली. ती बंद होत नसते, भर घालायचीच असते, असं सांगा.

इथे दाराशी एक वही ठेवली आहे. जाताना प्रत्येकीने एका झाडाचं नाव लिहा, नाहीतर लिहिणाऱ्या मुलीला सांगा. तुमच्या वाडीत ज्या नावाने हाक मारतात तेच नाव, पुस्तकातलं नको. कुठल्या पिकात येतं, केव्हा खुडायचं, काय बाधतं, आणि हे तुम्हाला कुणी शिकवलं तिचं नाव. जेवण तयार आहे. चाकवत या दिवसांत मिळत नाही, पण घोळीची भाजी आहे. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी ती बेतानेच घ्या.